कॉम्प्युटरला गणित नसतं, असं मी सांगितलं

मी कमी बोलतो. हा काही गुण नाही, ती एक सवय आहे आणि घरच्यांना तिचा त्रास होतो. बायकोनं काही विचारलं की मी "हं" म्हणतो. भाजी घेतली का, गॅस संपला का, तुमच्या आत्याकडं जायचं का, सगळ्याला "हं". पण कमी बोलणाऱ्या माणसाबद्दल लोकांचा एक समज असतो, की हा बोलतो तेवढं तरी खरं बोलतो. माझ्या बाबतीत हा समज खोटा निघाला. करडी गावच्या एका मुलीला मी एक वाक्य खोटं सांगितलं आणि त्यापायी तिचं इंजिनिअरिंग पहिल्याच वर्षी सुटायला आलं. बरेच दिवस मी हे कोणाला सांगितलं नाही. आता सांगतो.

मी भंडाऱ्याजवळच्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवतो. मूळचा मेकॅनिकलचा. एक काळ असा होता की मेकॅनिकलच्या जागा आधी भरायच्या आणि कॉम्प्युटरवाले आमच्याकडं पाहून उसासे टाकायचे. आता उलटं झालंय. आमच्या वर्कशॉपमधल्या लेथ मशीनवर चादरी घातलेल्या असतात आणि कॉम्प्युटरच्या वर्गात बाकं कमी पडतात. आमच्याकडं विद्यार्थीच नसल्यामुळे मला पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवायला दिलं आणि सोबत कॉम्प्युटरच्या नव्या मुलामुलींचा पालक-शिक्षक केलं. पालक-शिक्षकानं काय करायचं, तर या मुलांशी बोलायचं. त्यांना होस्टेलवर करमतं का, लेक्चरला का झोपतात, अभ्यास कसा करतात, हे प्रेमानं विचारायचं आणि मार्ग दाखवायचा. अख्ख्या कॉलेजात या कामाला सगळ्यात नालायक माणूस कोण, असं कोणी शोधत बसलं असतं तर त्यालाही माझ्यापेक्षा बरा सापडला नसता.

दुसरं काम उन्हाळ्यातलं. बारावीच्या परीक्षा झाल्या की आमच्यासारख्या कॉलेजांचे मास्तर मोटरसायकलवर गावोगाव निघतात. याला ॲडमिशन ड्युटी म्हणतात. आंधळगाव, करडी, कधी थेट मध्यप्रदेशच्या सीमेजवळ बपेऱ्यापर्यंत. घरी जायचं, कॉलेजचं रंगीत पुस्तक द्यायचं, बस कुठून सुटते ते सांगायचं. गावातल्या लोकांनी याला आपापली रीत लावून घेतली आहे. पोरीला पाहायला पाहुणे यावेत तसं ते आम्हाला वागवतात. बैठकीत चादर अंथरतात, पोहे करतात, आणि मुलगी बाहेर येऊन बसते. फरक इतकाच, की इथं पसंती मुलीची असते आणि नकार पाहुण्यांना मिळतो.

माझ्या जोडीला केमिस्ट्रीचे एक सर असत. ते बोलायचे आणि मी पोहे खायचो, अशी आमची वाटणी होती. त्या दिवशी त्यांना ऊन लागलं होतं, म्हणून मी एकटाच करडीला गेलो. त्या घरी सकाळपासून तीन कॉलेजं येऊन गेली होती. पोहे संपले होते. मला नुसता चहा मिळाला, त्यावरूनच मी आपला नंबर ओळखला.

वडील धानाचे कास्तकार. गावच्या तलावाखाली त्यांच्या बांध्या, म्हणजे धानाची खाचरं. मुलगी बारावी झालेली, चष्मा लावलेली, माझ्याकडं सरळ पाहणारी. गावातल्या ऑनलाइन सेंटरवर ती सुट्टीत बसायची आणि लोकांचे अर्ज भरून द्यायची. साइट अडकली तर का अडकली हे तिला शोधल्याशिवाय चैन पडत नसे. सेंटरचा मालक म्हणे तिला सांगायचा, बाई, तू आधी अर्ज भर, मग सरकारची मशीन दुरुस्त करजो. आई हे कौतुकानं सांगत होती आणि मुलगी मान खाली घालून हसत होती.

मी पुस्तक दिलं, बसचं सांगितलं आणि गप्प बसलो. तेव्हा तिनं विचारलं, "सर, कॉम्प्युटरले गणित असते काय?"

बारावीचं गणित तिनं कसंबसं काढलं होतं. पुन्हा त्या वाटेला जाणार नाही असं तिनं घरी जाहीर केलं होतं. वडील माझ्याकडं पाहत होते. मी चहाकडं पाहत होतो. त्या उन्हाळ्यात माझ्या नावावर एकही ॲडमिशन नव्हती. आमच्या मीटिंगमध्ये ज्यानं ॲडमिशन आणली त्याच्यासाठी टाळ्या वाजवायची पद्धत आहे, आणि मी नुसता वाजवणाऱ्यांत होतो.

"नाही," मी म्हणालो. "कॉम्प्युटरला गणित नसतं. ते काम मशीन करतं."

हे कारण मी कुठून काढलं, मलाही माहीत नाही. पण वडिलांना ते जागच्या जागी पटलं. ते म्हणाले, "बराबर आहे जी. आपल्यालेच करा लागत असन तं मशीन घेतली कायले?"

तिन्ही कॉलेजांचे मास्तर तासतासभर बोलून गेले होते आणि मी दोन ओळी बोललो होतो. माझंच स्थळ पक्कं झालं. पुढं करडीहून आणि आजूबाजूच्या गावांहून आणखी काही मुलं आली. ते कमी बोलणारे सर लबाड सांगत नाहीत, असं तिकडं झालं होतं म्हणे. मीटिंगमध्ये माझ्यासाठी टाळ्या वाजल्या. विभागप्रमुखांनी पाठ थोपटली आणि तुमचं तंत्र काय ते इतरांना सांगा म्हणाले. मी "हं" म्हणालो.

कॉलेज सुरू झालं, वेळापत्रक लागलं. पहिल्याच आठवड्यात ती माझ्या केबिनच्या दारात येऊन उभी राहिली.

"सर, गणित-एक लिहिलं आहे."

मी सांगितलं की पहिल्या वर्षी सगळ्याच ब्रँचला सारखे विषय असतात, फॉर्मॅलिटी आहे, होऊन जातं.

तिनं थोडा विचार केला. "एक लिहिलं म्हणजे दोन असनच ना, सर?"

मी ड्रॉइंग शीटचा गठ्ठा नीट करायला घेतला. तो आधीच नीट होता.

पालक-शिक्षक म्हणून मी त्या वर्षी मुलांना सल्ला दिला. पुढच्या बाकावर बसा, रोजचं रोज करा, शंका विचारा, लायब्ररीत जा. हा सल्ला मला माझ्या सरांनी दिला होता आणि मी तो पाळला नव्हता. मुलंही पाळणार नाहीत याची मला खात्री होती. त्यांचं खरं मार्गदर्शन होस्टेलवर सीनियर करतात. कोणतं युनिट सोडायचं, मागच्या विंटरच्या, म्हणजे हिवाळी परीक्षेच्या, पेपरात काय होतं, कोणत्या सरांच्या लेक्चरला झोप चांगली लागते, सगळं तिथं मिळतं. बॅचमधल्या सगळ्यांनी सीनियरचं ऐकलं. माझं ऐकलं ते फक्त करडीच्या मुलीनं.

ती पुढच्या बाकावर बसली. रोजचं रोज केलं. पहिल्या युनिटवरच तिला इतक्या शंका आल्या की ती दुसऱ्यावर गेलीच नाही. मॅट्रिक्सची रँक काढता येते, पण रँक म्हणजे काय, असं ती मला विचारायला आली. मला विद्यार्थी असतानाही ते कळलं नव्हतं. मी तिला गणिताच्या मॅडमकडं पाठवलं. मॅडमनी रँक काढायच्या पायऱ्या पुन्हा सांगितल्या. ती परत माझ्याकडं आली आणि म्हणाली की पायऱ्या येतात, सर, कुठं चढून राहिली ते कळत नाही. मी पंख्याकडं पाहिलं.

विंटरचा निकाल लागला. प्रोग्रामिंगमध्ये ती बॅचमध्ये पहिली आणि गणितात नापास. ज्यांनी दोन युनिटं सोडून दिली होती ती सगळी पोट्टी पास. त्यानंतर ती कॉलेजला आली नाही. फोन बंद. समरच्या परीक्षेचा फॉर्म भरायची तारीख जवळ येत होती. तारीख चुकली तर मुलगी वर्षानं मागं पडणार होती, आणि एकदा मागं पडून गावाला गेलेली मुलगी परत येत नाही, हे मी इतक्या वर्षांत पुष्कळदा पाहिलं आहे. एकीच्या बाबतीतही मी मोटरसायकल काढली नव्हती. या वेळी काढली. कर्तव्य म्हणून नाही, भीतीनं. माझं वाक्य खोटं होतं हे आता तिच्या घरी कळलं असणार, असं मी धरून चाललो होतो. वाटेत मी मनात उत्तरं तयार करत होतो आणि एकही उत्तर आंधळगावच्या पुढं टिकत नव्हतं.

करडीला पोचलो तेव्हा उन्हाळी धानाचा रोवणा, म्हणजे रोपांची लावणी, सुरू होता. घरची सगळी बांधीतून नुकतीच येऊन अंगणात हातपाय धूत होती. मुलगीही होती, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिनं मला पाहिलं आणि तांब्या खाली ठेवला. वडिलांनी मात्र मला पाहून हात जोडले, खाट ओढली, आत ओरडून पोहे करायला सांगितलं. मी गोंधळलो. शिव्या खायच्या तयारीनं आलेल्या माणसाला पोहे मिळाले की त्याला काही सुचत नाही.

मग ते बोलू लागले, तेव्हा सगळा उलगडा झाला. त्यांची माझ्याबद्दल तक्रारच नव्हती. तक्रार मुलीबद्दल होती.

"तुमच्या शब्दावर धाडली जी इले," ते म्हणाले. "तुमी सांगतलं गणित नसते. आता हे म्हणते गणितात नापास झाली. म्या म्हटलं, जो विषय नाहीच, त्याच्यात नापास कशी होशीन तू?"



त्यांचं म्हणणं असं, की ही काहीतरी लपवते आहे. एक तर कॉलेजात जातच नसेल, नाहीतर नको ते विषय घेऊन बसली असेल. सर सांगतात एक आणि ही सांगते दुसरं, आणि सर काही जास्तीचं बोलणारे नाहीत. निकाल लागल्यापासून ते तिच्याशी बोलले नव्हते. लबाड बोलायचं शिकायला इतक्या दूर जायची गरज नाही, ते घरीही जमेल, आता सेंटरवर बस आणि अर्ज भर, असा हुकूम त्यांनी निकालाच्या दिवशीच दिला होता.

ती माझ्याकडं पाहत होती. रागानं नाही. आता हे काय करतात, असं पाहत होती. ऑनलाइन सेंटरवर अडकलेल्या साइटकडं ती असंच पाहत असावी.

पंचवीसेक वर्षं मी शिकवतो आहे आणि वर्गात पुस्तकातलं मराठी बोलतो. त्या दिवशी तोंडून निघालं ते आंधळगावचं, माझ्या घरचं.

"भाऊ, गणित असते. मी लबाड बोललो होतो."

ते हसले. "राहू द्या जी. मास्तरचं काळीजच असं असते. पोरीले वाचवून राहिले तुमी."

मी पुन्हा सांगितलं. त्यांच्या डोळ्यांत माझ्याबद्दलचा आदर आणखी वाढलेला मला दिसला. त्यांनी शेजारच्या अंगणातून तिच्या काकांना हाक मारली आणि म्हणाले, पहा, सर स्वतःवर घेऊन राहिले. काका आले. काकांबरोबर आणखी दोघं आले. काकांचा मुलगाही माझ्याच वाक्यावर आमच्या कॉलेजात आलेला, तो गणितात पास होता, त्यामुळे काका निवांत होते. सगळ्यांनी मिळून माझ्या मोठ्या मनाचं कौतुक केलं. पोहे आले. मी आयुष्यात पहिल्यांदा कबुली देत होतो आणि ती कोणी घ्यायला तयार नव्हतं.

तेव्हा मला बोलावं लागलं. एकदा सुरू झालो तर थांबताच येईना. टाळ्यांचं सांगितलं. केमिस्ट्रीच्या सरांना ऊन लागल्याचं सांगितलं. हिनं सरळ विचारलं आणि मला मान वर करून खरं सांगता आलं नाही, हे सांगितलं. मशीन गणित करतं हे मी तिथल्या तिथं रचलं होतं, हेही सांगितलं. तरीही काका मान डोलावत होते, तेव्हा मी शेवटचं काढलं. मी स्वतः इंजिनिअरिंगला गणितात दोनदा नापास झालो होतो आणि माझ्या बापाला सांगितलं होतं की विद्यापीठात माझा पेपर हरवला. बाप मरेपर्यंत विद्यापीठाला शिव्या देत होता. मॅट्रिक्सची रँक म्हणजे काय हे मला आजही माहीत नाही, आणि तुमची पोरगी ते विचारायला आली की मी पंखा पाहतो.

काकांची मान थांबली. पोहे तसेच राहिले. पंख्याचं लोकांना पटलं असावं.

इतका वेळ दारात उभी असलेली आई म्हणाली, "म्हणजे पोरगी खरं बोलून राहिली होती."

एवढंच म्हणाली. माझ्या सगळ्या भाषणातून तिनं नेमकं तेवढंच घेतलं. बाकीच्याशी तिला देणंघेणं नव्हतं.

वडील उठून उभे राहिले. आता ते मला हाकलून देतील असं वाटलं आणि ते मला आवडलंही असतं. पण ते मुलीकडं वळले. माफी मागायची आमच्याकडं बापांना सवय नाही. त्यांनी विचारलं, "वरच्या बांधीले पऱ्हे पुरले काय?"

"पुरले," ती म्हणाली.

धानाची रोपं पुरली की नाही हे त्यांना चांगलं ठाऊक होतं, ते स्वतः तिथं रोवत होते. पण निकालानंतर बाप तिच्याशी पहिल्यांदा बोलला होता. तिनं चष्मा काढून ओढणीनं पुसला आणि तो जास्तच चिखलाचा झाला.

मग ते माझ्याकडं वळले. बोलण्यात आता 'जी' नव्हतं. "गणित नाही म्हणून घेऊन गेले. आता आहे तं तुमीच शिकवा."

मी म्हणालो, मला येत नाही.

"मंग शिका," ते म्हणाले. काकांनी मान डोलावली.

मुलगी मला बसस्टॉपपर्यंत रस्ता दाखवायला आली. मोटरसायकलवाल्याला बसस्टॉपचं काय काम, पण मी गाडी ढकलत चाललो. तिला बोलायचं आहे हे दिसत होतं. मी तिला आधी सगळं सांगून टाकलं. पुढच्या सेमिस्टरला गणित-दोन आहे. त्यानंतर डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स. त्यानंतर संख्याशास्त्र आणि अल्गोरिदम, त्यातही मागच्या दारानं गणितच येतं. ती ऐकत राहिली.

"तुमी तवाच सांगतलं असतं ना, सर, तरी मी आलीच असती," ती म्हणाली. "फक्त तयारीनं आली असती."

मी गाडीला किक मारली.

ती परत आली. फॉर्म भरला. आणि मागे राहिलेल्यांसाठी गणिताच्या मॅडम गणित-एकचा जादा वर्ग घ्यायच्या, त्यात मी शेवटच्या बाकावर बसू लागलो. मॅडम माझ्या निम्म्या वयाच्या. पहिले काही दिवस त्या फळ्याकडं तोंड करूनच शिकवत. मुलांना मात्र आनंद झाला. होस्टेलवर माझी काळजी वाहिली जाऊ लागली. एकानं मला मागच्या वर्षांचे पेपर आणून दिले. दुसरा म्हणाला, सर, तुमचं वय पाहता युनिट तीन सोडून द्या, टेन्शन घेऊ नका. मी कधी कोणाला इतका मनापासून सल्ला दिला नव्हता.

वर्ग सुटला की ड्रॉइंग हॉलच्या मोठ्या टेबलावर आम्ही दोघं बसायचो. मी चुकायचो आणि ती का चुकलं ते शोधायची, कारण तिला शोधल्याशिवाय चैन पडत नाही. माझ्या चुका इतक्या तऱ्हेतऱ्हेच्या असत की त्या शोधता शोधता तिचं दुसरं युनिट झालं, मग तिसरं. रँकचं तिला एक दिवस कळलं. तिनं मला समजावलं. मी समजल्यासारखी मान हलवली आणि ती म्हणाली, नाही समजलं, सर, पुन्हा सांगते. घरी बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली की या पोरीला एकदा जेवायला बोलवा, मला तिला तुमच्या 'हं'बद्दल काही विचारायचं आहे.

समरचा निकाल लागला तेव्हा ती माझ्या केबिनमध्ये होती. साइट अडकली होती. ती उघडेपर्यंत मी खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मागून ती म्हणाली, "गणित निघालं, सर." जेमतेम निघालं होतं, पण निघालं होतं. मी वळलो आणि ड्रॉइंग शीटच्या गठ्ठ्यावरच बसलो.

तिनं घरी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. वडिलांना सांगितलं. तिकडं आईला सांगितल्याचा, काकांना हाक मारल्याचा आवाज आला. मग वडील पुन्हा फोनवर आले.

"आन् सर?" त्यांनी विचारलं.

ती माझ्याकडं पाहू लागली. "सर परीक्षेले बसले नव्हते, बाबा."

"काहून?"

मी फोन घेतला आणि सांगितलं, की भाऊ, बसलो असतो तर नापास झालो असतो. हे खरं होतं. मॅडमनी माझा सराव पेपर तपासला होता.

त्यांच्या मागं कोणाच्या तरी बैलांच्या घंटा वाजत होत्या.

"मंग बरं केलं नाही बसले," ते म्हणाले. "नापास झाले असते तं दोघायच्या फॉर्मची तारीख कोणं ध्यानात ठेवली असती?" आणि गणित-दोनचे वर्ग कधीपासून आहेत, ते विचारून त्यांनी फोन ठेवला.